एका रुपयात तीन जीव

हरभट रोडच्या मागच्या बोळात
अण्णांची तीन मशीनं होती.
मी गल्ल्यावर. वय तेरा.
वहीत भूमिती, वहीखाली सुट्टे रुपये,
आणि कान मशीनकडे.
कोण कुठल्या किल्ल्यात मेला
ते मला मान वर न करता कळायचं.

मधल्या मशीनचं लाल बटण पिवळं पडलेलं.
मल्लूमुळं. जतकडचा पोरगा,
मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायचा
आणि आंघोळीच्या आधी इकडं यायचा.
त्याचे रुपयेसुद्धा पिवळे.
मी ते वेगळे ठेवायची. का, माहीत नाही.

चौथ्या किल्ल्यात राक्षस होता,
दोन पावलं पुढं, एक मागं.
मल्लू तीन महिने त्याच्याच हातून मरत होता.
मधे कुठं थांबायची, खूण ठेवायची सोय नव्हती;
तिन्ही जीव गेले की
पुन्हा वेशीपासून चालत ये.

लोक आता म्हणतात, तेव्हाचे खेळ कसले अवघड,
तेव्हाची पोरं कसली चिवट.
मी गप्प बसते.
महिनाअखेर गाळ्याचं भाडं थकलं की
अण्णा शटर अर्धं ओढायचे,
मशीनची पाठ उघडायचे,
आतल्या बारीक खटक्यांच्या रांगेतला
एक खटका नखानं वर करायचे.
दुसऱ्या दिवशी राक्षस
तीनऐवजी पाच गोळे फेकायचा.
शौर्य वगैरे ठीक आहे.
ते भाडं होतं.

एकदाच त्यांनी खटका खाली केला.
त्या आठवड्यात मल्लूच्या खांद्याला पट्टी होती,
थप्पीवरून पोतं घसरलेलं.
तो आला, चौथ्या किल्ल्यात शिरला.
राक्षस पाहुण्यासारखा वागत होता.
मल्लूनं अर्ध्यातच हात काढून घेतला.
"अण्णा, मशीन आजारी हाय का ओ?"
अण्णा पंख्याकडं बघत राहिले.
दोन जीव तसेच सोडून तो सायकलवर बसला.
ते एकामागून एक मेले,
उभ्या उभ्या, कुणी न हलवता.

मीही खेळलेय. शटर लावल्यावर.
पेटीची किल्ली माझ्याकडं:
तोच रुपया आत, बाहेर, पुन्हा आत.
एका रात्रीत शेवटचा किल्ला जिंकला.
पडद्यावर इंग्रजीत अभिनंदन आलं,
त्यात स्पेलिंगची चूक होती.
भूक लागली होती, एवढंच आठवतं.

आता विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर,
आर्जवी सोफ्यावर पालथी पडून खेळते.
चार-पाचदा मेली की खेळच विचारतो,
चांगल्या हॉटेलातल्या वेटरसारखा वाकून,
सोपं करू का?
कधी ती हो म्हणते, पुढं जाते,
आणि खोट्या डोंगरावर बसून खोटा सूर्यास्त
अगदी खरा बघते.
कधी नाही म्हणते.
परवा रात्री एकाच नागिणीपुढं
एकेचाळीस वेळा मेली, दात न घासता.
मी सवयीनं हिशेब केला:
चौदा रुपये.
आणि एक जीव शिल्लक.

तिला मल्लूचं सांगितलं.
नागिणीवरची नजर न काढता तिनं विचारलं,
"मग मारला का त्यानं राक्षस?"

मारला.
एका मंगळवारी, पाच गोळ्यांच्या महिन्यात.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, त्याच्यामागं नंबर लागलेले.
यादीत सगळ्यात वर त्याचं नाव आलं.
मशीन तीनच अक्षरं द्यायचं,
एम, ए, एल.
आम्ही ते 'माल' असं वाचलं.
तो म्हणाला, बरोबरच हाय की,
दिवसभर तेच तर वाहतोय.

रात्री मेन स्विच पाडला
की ती यादी पुसली जायची.
साडेनऊला.
ते काम माझं होतं.